एकेचाळीस लाल ठसे

मंगळवार, ४ मार्च
सकाळी ७.१०

चि. धाकटीस,

पत्ता तुझ्या आईने दिला. सहज नाही दिला. "पत्र लिहिणार आहात की मेमो?" असं आधी विचारलं, आणि मी पत्र म्हटल्यावर कणकेच्या हातानेच कागदाच्या कोपऱ्यावर खरडून दिला. त्यामुळे घराचा नंबर नीट लागत नाही. सात असेल किंवा एक. मी सात धरला आहे. एक असला तर हे तुझ्या शेजाऱ्यांना वाचायला मिळेल, त्याला इलाज नाही.

पंधरा वर्षांनी लिहितो आहे, तर आधी कारण लिहितो. परवा रविवारी थोरला आला होता. त्याच्याकडून कळलं की तू अकरा वर्षं ज्या पाळणाघरात काम करतेस त्याच्या मालकीणबाई आता थकल्या आहेत आणि पाळणाघर तुझ्या हाती द्यायला निघाल्या आहेत. तू परवान्यासाठी अर्ज केलास आणि बालकल्याण कार्यालयाने तुझी जुनी फाईल काढून तो अडवला. सुनावणी २७ तारखेला आहे. फाईलमधला शेरा थोरल्याने मला तोंडपाठ म्हणून दाखवला : "पालकांच्या नियंत्रणाबाहेर. उशिरा घरी येण्याची सवय. उलट उत्तरं देते." अशा बाईच्या ताब्यात बावीस पोरं कशी द्यायची, असं कार्यालयाचं म्हणणं.

तू मला काही कळवलं नाहीस आणि मागितलंही नाहीस. मी फक्त माझी बाजू नोंदवतो.

घडलं ते क्रमाने असं. थोरला तेव्हा सतरा वर्षांचा, तू सोळा वर्षं पाच महिन्यांची. थोरल्याने समोरच्या कंपाउंडरची स्कूटर न विचारता काढली, तू मागे बसलीस, आणि संध्याकाळी साडेसातला ती स्कूटर लाँड्रीच्या दारात घुसली. कंपाउंडरने तक्रार केली. मुलांच्या कोर्टात दोघांना एकाच दिवशी उभं केलं. थोरल्याला समज देऊन सोडलं आणि तुला मुलींच्या सुधारगृहात पाठवलं. हे कोर्टाने केलं. मी फक्त कागद दिले. चौकशी अधिकारी बाईंनी विचारलं, मुलगी घरी कधी येते? माझ्याकडे तुझी सहा महिन्यांची कार्डं होती, ती मी दिली. दारापाशी लावलेल्या पंचिंग मशीनमध्ये तू रोज संध्याकाळी कार्ड घालायचीस आणि मशीन वेळ छापायचं. सातच्या आत असेल तर काळ्या शाईत, नंतर असेल तर लाल. एकूण लाल ठसे एकेचाळीस निघाले. मशीन आमच्या कारखान्यातून भंगारात निघालेलं. मी, सातवी पास माणसाने, त्याची इंग्रजी पुस्तिका डिक्शनरी उशाला घेऊन वाचली आणि चार महिन्यांत ते चालू केलं. बाई म्हणाल्या होत्या, "इतकी व्यवस्थित नोंद मी कुठल्याच घरात पाहिली नाही." ते ऐकून मला बरं वाटलं होतं, हेही लिहून ठेवतो.

त्या दिवशी कोर्टात तू जे एक वाक्य बोललीस, त्याबद्दल मी इथे लिहिणार नाही.

आता हे आत्ताच कसं सुचलं. २० फेब्रुवारीला कारखान्याच्या गेटवर एक संशोधक बाई आल्या. तुझ्याच वयाच्या असाव्यात. सुधारगृहाच्या जुन्या फायली वाचून त्या मुलामुलींच्या गुन्ह्यांवर प्रबंध लिहितात. फायलींत नावं काळी केलेली असतात. एका फाईलमध्ये त्यांना पंचिंगची कार्डं मिळाली, मागे आमच्या कारखान्याचा शिक्का, म्हणून कारखान्याच्या टाइमकीपरला, म्हणजे मला, विचारायला आल्या. टेबलावर झेरॉक्स मांडल्या आणि म्हणाल्या, "हा कोणत्या खात्यातला कामगार? सकाळी येतच नाही, फक्त संध्याकाळी एकदा पंच करतो."

मी म्हटलं, "हा कामगार नाही. ही माझी मुलगी."

बाई एकदम गोंधळल्या, कागद गोळा करायला लागल्या. असं व्हायला नको होतं, म्हणाल्या. जाता जाता मात्र दारात थांबल्या. "एक विचारू का? त्याच केसमध्ये मुलगाही होता. त्याची कार्डं कुठे आहेत?"

त्याची नव्हती. मी तसं सांगितलं. आमच्याकडे साहेबांचंही कार्ड नसतं, असंही सांगितलं. ते कशाला सांगितलं कोण जाणे.

तुझा,
बाबा


रविवार, ९ मार्च
सकाळी ६.४५

चि. धाकटीस,

उत्तराची अपेक्षा नव्हती, आणि ते आलं नाही.

संशोधक बाईंनी प्रबंधातली चाळीस पानं माझ्याकडे पाठवली, पंचिंग मशीनविषयी लिहिलेलं बरोबर आहे का ते बघायला. दोन चुका निघाल्या. लाल-काळी रिबिन एकच असते, दोन नाहीत. आणि रंग माणूस बदलत नाही, आत एक दात्यांचं चाक असतं, ते बदलतं. मी समासात दुरुस्त्या केल्या. मग बाकीची पानंही वाचली, कारण अर्धवट वाचून कागद परत करणं माझ्याने होत नाही.

प्रश्न असा आहे. जगातल्या कुठल्याही तुरुंगात जा, पुरुष गच्च भरलेले आणि बायका मूठभर. का? जुने लोक म्हणत, बाईची जात मुळातच मऊ. ते लोक आमच्या गेटवरच्या झडतीवालीला भेटले नसावेत. दुसरे म्हणतात, मुलीला लहानपणापासून घरात राबवतात, नजरेखाली ठेवतात, अंधार पडायच्या आत बोलावतात, मग ती गुन्हा करणार कधी? मुलाला मोकळं सोडतात, त्याला वेळही असतो आणि नाक्यावरचा कोपराही. तिसरे म्हणतात, बायकाही करतात, पण पोलीस आणि कोर्ट त्यांना सांभाळून घेतात. त्यावर चौथ्यांचं म्हणणं, सांभाळून घेतात ते रडणारीला, पदर धरणारीला, कोणाची तरी लेक किंवा आई दिसणारीला. जी तशी दिसत नाही तिला दोन शिक्षा : एक केल्याची, एक मुलीसारखं न वागल्याची.

हे वाचून मला तुझ्या आधी उभी केलेली मुलगी आठवली. दुकानातून चपला उचललेल्या. ती रडली, तिची आई रडली, न्यायाधीशांनी पाण्याचा ग्लास मागवला आणि दोघींना घरी पाठवलं. तू रडली नाहीस. तू हात मागे बांधून उभी होतीस. तसं उभं राहायला मीच शिकवलं होतं.

मी कोणाचं म्हणणं छापलंय म्हणून मानत नाही. माझ्या गेटवर ताडून बघतो. आमच्याकडे सुटताना बायकांची रांग वेगळी. तिथे झडतीवाली बसते आणि प्रत्येकीची पिशवी उघडते. पुरुषांच्या रांगेला वॉचमन हात हलवतो. पकडलेल्या चोऱ्यांचं रजिस्टर माझ्याकडे आहे. मी नोकरीला लागल्यापासून तुझ्या कोर्टाच्या सालापर्यंत, एकोणीस वर्षांत, बायका चौसष्ट, पुरुष एकोणीस. साहेब मीटिंगमध्ये म्हणायचे, बायका चिल्लर चोऱ्या फार करतात. मीही मान हलवायचो. आकडे माझेच होते.

मग एकदा नवीन सिक्युरिटी ऑफिसर आला आणि त्याने पुरुषांचे डबेही उघडायला लावले. अकरा दिवसांत चोवीस सापडले. पितळेचे नट, तांब्याची तार, एकाच्या डब्यात चपातीखाली अख्खं बेअरिंग. झडतीवाली मला म्हणाली, "साहेब, मला त्या रांगेत बसवलं ना, तर सापडलेलं ठेवायला कंपनीला नवीन गोडाऊन बांधावं लागेल." बाराव्या दिवशी बंद केलं. पाळी सुटायला चाळीस मिनिटं लागत होती आणि पुरुष कुरकुर करत होते. बायकांच्या रांगेला रोजच चाळीस मिनिटं लागायची.

हे सगळं मी माझ्या हाताने लिहिलं होतं. चोवीस आणि अकरा दिवस. पण शेजारी शेजारी मांडून कधी बघितलं नाही.

बाईंच्या प्रबंधात एक गोष्ट आहे ती मला माहीत नव्हती. सुधारगृहाच्या छापील फॉर्मवर मुलींसाठी एक रकाना असतो : "घरी येण्याची वेळ." मुलांच्या फॉर्मवर तो नाहीच. तिथे आहे "आवडते खेळ."

थोरल्याचा फॉर्म भरला असता तर त्या रकान्यात "फुटबॉल" आलं असतं. तो आता मोटार ड्रायव्हिंग शाळेत शिकवतो. लाँड्रीवाल्याला हे कळल्यावर तो म्हणाला, "माझ्या दारापासून सुरुवात केली म्हणायची."

आपल्या घरातलं घड्याळ दहा मिनिटं पुढे असायचं. हे तुलाही माहीत आहे, मलाही. शाळा चुकू नये म्हणून मीच लावलेलं. मशीनही त्याच घड्याळाला लावलेलं.

आज इतकंच.

बाबा


सोमवार, १७ मार्च
सायंकाळी ६.२०

चि. धाकटीस,

मूळ कागद हातातून सोडायचा तर आधी नक्कल ठेवायची, ही माझी रीत. तुझी कार्डं कोर्टात देण्याआधी सगळ्या वेळा मी वहीत उतरवल्या होत्या. ती वही माळ्यावर होती. शनिवारी काढली. तुझी आई शिडी धरून उभी होती. कशाला चढलात, विचारलं नाही.

एकेचाळीस लाल ठसे एकाखाली एक लिहिले आणि प्रत्येकातून दहा मिनिटं वजा केली. अठ्ठावीस जागच्या जागी काळे झाले. छापील ७.०४, खरे ६.५४. छापील ७.०८, खरे ६.५८. तू वेळेत येत होतीस आणि मशीन तुला उशीर छापत होतं, अठ्ठावीस वेळा.

उरले तेरा. त्यांतले नऊ गुरुवारचे. मी वही घेऊन स्वयंपाकघरात गेलो. विचारलं, गुरुवारी ही कुठे जायची?

तुझी आई भांडी घासत होती. "मी पाठवायचे. शिवलेले कपडे पोचवायला, पुलापलीकडे. दुसरं कोण जाणार होतं? तुम्ही?"

"तेव्हा का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, कारणाचा रकाना नाही."

असं मी म्हणालो असेन. कारखान्यात असंच म्हणतो.

उरले चार. ते मी थोरल्याला फोनवर वाचून दाखवले. त्याने तारखा पुन्हा वाचायला लावल्या. मग म्हणाला, "यांतले तीन माझ्याबरोबरचे आहेत, बाबा. मॅच बघायला नेलं होतं तिला. आम्ही दोघं एकदमच दारातून आत आलो होतो." म्हणजे तीन संध्याकाळी दोन मुलं एका मिनिटाला माझ्या दारातून आत आली. एक उशिरा आली. दुसरा जेवायला बसला. तो कितीला आला हे मी बघितलंच नाही, आणि बघायचं असतं हे डोक्यातही आलं नाही.

थोरला पुढे म्हणाला, "पण जुनं उकरून काय मिळणार आहे आता?"

मी म्हटलं, "परवाना."

"त्यात माझं नाव येईल."

"येईल."

त्याने फोन ठेवला नाही, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. त्याच्या मागे कोणीतरी क्लच सोडत होतं आणि गाडी गचके खात होती. तो म्हणाला, "बघतो."

आता पहिल्या पत्रात जे लिहिणार नाही म्हटलं होतं ते. न्यायाधीशांनी कार्डं वर धरून दाखवली आणि तुला विचारलं, काय सांगायचंय का? तू म्हणालीस, "घरचं घड्याळ दहा मिनिटं पुढे असतं." एवढं एकच वाक्य. आवाज चढवला नाहीस. न्यायाधीश माझ्याकडे वळले. "हे खरं का?"

समोर आमच्या कारखान्याचे पर्सोनेल ऑफिसर बसले होते, माझ्या चांगल्या वर्तणुकीची साक्ष द्यायला. आठशे माणसांची हजेरी माझ्या घड्याळावर चालायची. एका मिनिटाच्या उशिरासाठी माणसं माझ्या खिडकीशी हात जोडायची आणि मी म्हणायचो, घड्याळ खोटं बोलत नाही. त्या माणसाने भर कोर्टात उठून सांगायचं की माझ्या घरातलंच घड्याळ पुढे असतं?

मी म्हणालो, "साहेब, एकोणीस वर्षं टाइमकीपर आहे. माझं घड्याळ चुकत नाही."

न्यायाधीशांनी लिहून घेतलं. तुझ्या नावापुढे "उलट उत्तरं देते" हे तिथून आलं. तू माझ्याकडे बघितलंस. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होतो. ते तीन मिनिटं मागे होतं.

पहिल्या पत्रात "मी फक्त कागद दिले" असं लिहिलं आहे. ते चूक. दुरुस्त करून वाचावं.

बाबा


रविवार, २३ मार्च
दुपारी १२.०५

चि. धाकटीस,

सोबत माझ्या जबाबाची नक्कल आहे. मूळ कागद परवा बालकल्याण कार्यालयात दिला, पोचपावती घेतली. देण्याआधी तुला विचारायला हवं का, यावर तुझ्या आईशी वाद झाला. ती म्हणाली, "तिचं वाईट करताना विचारलं होतं का?" मी चपला घातल्या आणि देऊन आलो.

जबाबात चार मुद्दे आहेत. पहिला, घड्याळ दहा मिनिटं पुढे होतं आणि ते मी पुढे लावलं होतं. दुसरा, कोर्टात विचारल्यावर मी खोटं सांगितलं. तिसरा, नोंद दोन मुलांपैकी एकाचीच ठेवली होती, त्यामुळे दोघांची तुलना करायला ती निरुपयोगी आहे. कारखान्यात मी एका खात्याची हजेरी घेऊन दुसऱ्या खात्याला शाबासकी दिली असती तर मला घरी बसवलं असतं.

चौथा मुद्दा तुला माहीत नाही. तो कार्यालयाच्या कागदावरून कळण्यापेक्षा माझ्या हातून कळलेला बरा.

त्या दिवशी तुला बाहेर नेल्यावर न्यायाधीशांनी मला विचारलं, "मुलीला घरी नेता का? वडील जबाबदारी घेत असतील तर मी समज देऊन सोडतो, मुलाला सोडलं तसं." हे जसंच्या तसं. मी म्हणालो, "तीस दिवस ठेवा साहेब. वळण लागेल." माझा हिशेब असा होता की तीस दिवसांनी तू येशील आणि वेळेवर यायला लागशील. तिसाव्या दिवशी तपासणीची तारीख आली तेव्हा पर्यवेक्षिकेचा अहवाल होता : मुलगी ऐकत नाही. मी लिहून दिलं, संस्थेला योग्य वाटेल तसं करावं. पुढे आणखी दोन तारखा आल्या. दोन्ही वेळा तेच वाक्य लिहून दिलं, शब्द न बदलता. कारखान्यात एकाच प्रकारच्या अर्जाला एकच उत्तर देतात.

तुझ्या आईला मी सांगितलं होतं की कोर्ट सोडत नाही. ती पंधरा वर्षं कोर्टाला शिव्या देत होती. काल जबाब वाचायला तिला दिला. तिने वाचला, घडी घातली आणि म्हणाली, "आधी जेवून घ्या." मी जेवलो. नंतर ती शेजारी जाऊन बसली, दिवे लागेपर्यंत आली नाही. आज बोलते आहे, पण मोजकं. तिला बोलू दे तिच्या वेळेने.

तू अठरा पूर्ण झाल्यावर बाहेर आलीस आणि घरी आली नाहीस. मी त्या दिवशी सातपर्यंत दारात उभा होतो. घरच्या घड्याळाने सात.

आता तो शेवटचा ठसा. तेरा वजा नऊ वजा तीन. एक उरतो. १९ ऑगस्ट, छापील ७.५२, खरे ७.४२. तुझ्या आईला माहीत नाही, थोरल्याला माहीत नाही. बेचाळीस मिनिटं. जबाबात त्याबद्दल काय लिहायचं यासाठी मी तीन दिवस घालवले. मैत्रिणीकडे गेली असेल, असं लिहून बघितलं. पाऊस असेल, असं लिहून बघितलं. दोन्ही खोडलं. शेवटी लिहिलं : "एका नोंदीचं कारण मला माहीत नाही. सोळा वर्षांच्या मुलीला सहा महिन्यांत बेचाळीस मिनिटं स्वतःची असू शकतात. तिच्या भावाला रोज असत, आणि ती कोणी विचारली नाहीत."

कार्यालयातल्या कारकुनाने हे वाचलं आणि म्हणाला, "काका, शेवटची दोन वाक्यं जबाबात बसत नाहीत." मी म्हटलं, बसवा.

गुरुवारी मी येणार आहे. कार्यालयाने बोलावलं आहे म्हणून. तू बोलायलाच हवं असं नाही.

बाबा


शनिवार, २९ मार्च

चि. धाकटीस,

तुला बाहेर बसवलं होतं, तेव्हा आत काय झालं ते लिहितो. तुझ्या केसचा कागद आहे, तुझ्याकडे असावा.

समितीत तिघं होते. मधल्या अध्यक्षबाईंनी जबाब पूर्ण वाचलेला होता, कडेला पेन्सिलीच्या खुणा होत्या. त्यांनी विचारलं, "घड्याळ चुकीचं होतं हे तुम्हाला तेव्हा माहीत होतं?"

मी म्हटलं, "घड्याळ चुकीचं नव्हतं. पुढे लावलेलं होतं. चुकीचं मी बोललो."

"मग आज पंधरा वर्षांनी का आलात?"

याचं उत्तर मी घरून पाठ करून आणलं होतं, प्रबंधातले दोन मुद्दे घालून. ते सगळं विसरलो. म्हटलं, "एका बाईंनी मुलाचं कार्ड मागितलं. ते नव्हतं."

डावीकडचे गृहस्थ म्हणाले, "पण मुलगी उलट बोलायची, हे तरी खरं ना?"

मी म्हटलं, "ती एकदाच बोलली. बरोबर बोलली होती."

ते पुढे म्हणाले, वडिलांनी शिस्त लावायची नाही तर कोणी लावायची? मला त्यांचं म्हणणं नीट कळलं, कारण पंधरा वर्षं ते माझंच होतं. मी त्यांना विचारलं, तुम्हाला मुलं आहेत का? दोन, म्हणाले, एक मुलगा, एक मुलगी. "काल संध्याकाळी मुलगा कितीला आला?" त्यांना सांगता येईना. अध्यक्षबाई म्हणाल्या, "प्रश्न आम्ही विचारायचे असतात." पण त्या कागदाकडे बघून हसत होत्या.

थोरला वीस मिनिटं उशिरा आला. ट्रॅफिक होतं, म्हणाला. कोणी लिहून घेतलं नाही. पण आला, आणि उभ्याउभ्याच म्हणाला, "स्कूटर मी काढली होती. ती नको नको म्हणत होती. मीच म्हटलं, बस मागे, पाच मिनिटांत आणतो. हे मला तेव्हा कोणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही." मग रुमालाने मान पुसली आणि खुर्ची असूनही शेवटपर्यंत बसला नाही.

अध्यक्षबाईंनी शेऱ्याच्या तिन्ही वाक्यांवर पट्टी धरून आडव्या रेघा मारल्या, पुढे सही केली, तारीख घातली. व्यवस्थित काम. मग तुला आत बोलावलं. पुढचं तुला माहीत आहे.

पायऱ्यांवरचं बोलणं नोंद म्हणून लिहितो; चुकलं असेल तर दुरुस्त कर.

तू म्हणालीस, "नंबर एक आहे. सात नाही. चारही पत्रं शेजारच्या आजींनी आणून दिली."

मी म्हटलं, "वाचली असतील त्यांनी."

"हो. चौथं देताना त्या म्हणाल्या, याला आता उत्तर दे."

मग तू पर्स उघडलीस, परवान्याचा कागद आत ठेवलास आणि चेन लावता लावता विचारलंस, "एकोणीस ऑगस्टचं विचारणार नाही?"

मी म्हटलं, "नाही."

तू माझ्याकडे बघितलंस. कोर्टात बघितलं होतंस तितकाच वेळ. या वेळी मी भिंतीकडे बघितलं नाही. तू "बरं" म्हणालीस आणि बसस्टॉपकडे गेलीस. थोरला सोडतो म्हणाला, तर म्हणालीस, "तुझ्या मागे बसायचं मी सोडलंय." तो रस्ताभर हसत होता. घराजवळ आल्यावर हसायचा थांबला.

तुझ्या आईला सगळं सांगितलं. तिने एकच विचारलं : तू बारीक झालीस का? मला सांगता आलं नाही. इतक्या गोष्टी बघतो आणि ते बघायचं राहिलं. ती म्हणाली, रविवारी ती स्वतःच जाऊन बघून येणार आहे. मी बरोबर येऊ का, असं मी विचारलं नाही, तिने म्हटलं नाही.

मी काल मशीन काढलं. जड आहे, थोरल्याने खाली उतरवलं. घड्याळ दहा मिनिटं मागे घेतलं, तर तुझी आई आज डॉक्टरकडे उशिरा पोचली. तिच्या डोक्यातली दहा मिनिटं अजून जायची आहेत.

घरी ये असं मी लिहीत नाही. आलीस तर वेळ कळवायची गरज नाही.

मशीनच्या जागी भिंतीला चार भोकं राहिली आहेत. ती बुजवायची आहेत.

बाबा